थांब्याचा अर्धा तास

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी धाकटीच्या लक्षात आलं, की बावीस वर्षांत एकदाही न केलेली चूक आपण काल करून बसलो आहोत. चूक तशी बोटभर उंचीची होती. उबपेटीच्या मागच्या रांगेत दोन नळ्या उभ्या होत्या, दोन्हींवर तिच्याच अक्षरात 'थांबा ३.१०' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली जिथे 'काढला' लिहून वेळ टाकायची तिथे पट्टी कोरी होती. पेटीचं दार उघडं धरून ती किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. आतला ऊबट, किंचित आंबूस वास तोंडावर येत राहिला. पंचेचाळिशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. इथे प्रयोगशाळेत मॅडम होती, आणि मॅडम नळी विसरल्या असं कुणाला सांगितलं असतं तर त्याने आधी ताप आहे का ते पाहिलं असतं. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिने थांबा घातला होता आणि सव्वातीनला वहिनीचा फोन आला होता. "उद्या दुपारी मीच येते तुझ्याकडे. सही घेतल्याशिवाय जायची नाही," एवढंच वहिनी बोलली होती. त्यानंतर धाकटी घरी कशी गेली, जेवली का, हे तिला आता सांगता आलं नसतं.

थांबा हे काही त्या औषधाचं खरं नाव नव्हे. खरं नाव जिभेला गाठ पाडणारं होतं, म्हणून तिच्याआधी इथे काम करणाऱ्या एका थट्टेखोर तंत्रज्ञाने बाटलीवर पट्टी चिकटवून ठेवली होती: थांबा. तो निवृत्त झाला, शंभर बाटल्या बदलल्या, नाव मात्र चिकटून बसलं. थांबा घातला का, थांबा किती वाजता काढायचा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी वाटायचं, इथे बसची चौकशी चाललीय. काम साधं होतं. रक्तातल्या पेशी तीन दिवस उबेत ठेवायच्या, त्यांना चुचकारून विभागायला लावायचं, आणि त्या ऐन विभागण्याच्या बेतात आल्या, आतली गुणसूत्रं जाड होऊन दिसण्याजोगी झाली, की थांबा घालायचा. एका फुलझाडाच्या कंदातलं ते विष. गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी ओढून नेणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्या त्याने विरून जातात आणि पेशी असेल तिथे थबकते. अर्धा तास, फार तर पाऊण. मग धुवायच्या, फुगवायच्या, काचेवर उंचावरून थेंब टाकायचा, म्हणजे गुणसूत्रं माळ तुटल्यासारखी पसरतात आणि मोजता येतात. शेहेचाळीस असायला हवीत. एखादं कमी, एखादं जास्त, एखाद्याचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला, की कुणाच्या तरी घरातल्या वर्षानुवर्षांच्या रडण्याचं कारण सापडतं. या दोन नळ्या एका नवराबायकोच्या होत्या. दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा काही हाती लागलं नव्हतं. त्या नळ्या अठरा तास थांबल्या होत्या.

उपयोग नाही हे माहीत असूनही तिने त्यांच्या काचा केल्या. रंगवल्या, वाळवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. गुणसूत्रं आखडून ठेंगणी झाली होती, शाळेतल्या खडूचे शेवटी उरतात तसे तुकडे. त्यांच्यावर एरवी दिसणारे पट्टे, ज्यांवरून कोण कोणतं हे ओळखायचं, पार मिटले होते. हे अपेक्षितच होतं. काच सरकवता सरकवता मात्र तिला दुसऱ्या पेशी दिसायला लागल्या आणि तिचा हात थांबला. या पेशी कंटाळल्या होत्या. थांबून थांबून त्यांनी नाद सोडला होता आणि न विभागताच विभागणीतून बाहेर पडल्या होत्या. आत दुपटीचा ऐवज, एकाच भल्यामोठ्या वेड्यावाकड्या केंद्रकात कोंबलेला, कडेला छोटे छोटे तुकडे भटकत असलेले. धड एक नाही, धड दोन नाहीत. सर म्हणायचे, "याला सुटका म्हणू नका. ही पळवाट. सुटका वेगळी असते."

सर म्हणजे तिला हे काम शिकवणारे डॉक्टर. जाऊनही त्यांना सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज अजून या खोलीत कामावर येत असे. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर पेशीचं सगळं रहाटगाडगं काढून दाखवलं होतं, आणि वाटेवर तीन आडव्या रेघा मारल्या होत्या. या चौक्या, म्हणाले होते. पहिलीवर विचारतात, अंगात ताकद आहे का, खायला आहे का, दुप्पट व्हायची गरज तरी आहे का. दुसरीवर, जे उतरवून काढलं ते पूर्ण उतरवलंस का, कुठे फाटलंय का. फाटलं असेल तर शिवून ये, शिवता येत नसेल तर इथेच मर, पण पुढे जाऊ नकोस. तिथून परवाना मिळाला तरच विभागणीत पाऊल टाकायचं. आणि तिसरी चौकी ऐन मध्यात. गुणसूत्रं मधल्या रेषेवर उभी, प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांनी धरलेलं. पंचेचाळीस धरली गेली आणि एक राहिलं, तर सगळी पेशी त्या एकासाठी ताटकळते. ते धरलं गेलं की मात्र क्षणाचा उशीर नाही, जोड्या बांधून ठेवणारा बंद तुटतो, सगळी एकदम दोन बाजूंना निघतात, आणि ज्या हुकमावर पेशी आत आली तो हुकूमच नष्ट केला जातो, म्हणजे माघार नाही. धाकटीने तेव्हा विचारलं होतं, "पण सर, तिसऱ्या चौकीवर थांब म्हणून सांगतं कोण? तिथे पहारेकरी कोण असतो?" सर खूश झाले होते. "कुणीच नसतो. जे सुटं राहिलंय तेच ओरडत असतं. मला अजून कुणी धरलेलं नाही, थांबा. तेवढं एक ओरडणं पुरतं." बावीस वर्षांपूर्वी तिला ही गोष्ट गोड वाटली होती. गेली अकरा वर्षं तिला ती ऐकवत नव्हती, आणि तरी रोज याच खोलीत यावं लागत होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिचा भाऊ नाहीसा झाला. तो तिचा दादा, ताईच्या पाठचा आणि तिच्या आधीचा. सकाळी आठ वाजता वहिनीशी भांडला, न खाता, मोबाइल टेबलावर टाकून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. नोकरी सुटून सात महिने झाले होते; माणूस आतून विझत चालला होता आणि घरचे त्याला आळशी म्हणत होते. पोलीस झाले, इस्पितळं झाली, जाहिराती झाल्या. ओळख पटवायला म्हणून ताईचे यजमान चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा तो नव्हता. वहिनी सासूपाशीच राहिली. दोघींनी अकरा वर्षं एकमेकींना सांभाळलं, आणि आता दीड वर्षापासून चष्म्याच्या दुकानातला एक विधुर गृहस्थ वहिनीसाठी थांबला होता. ताई त्याला चष्मेवाला म्हणायची, पण प्रेमाने. लग्न करायचं तर आधी दादा मेला असं न्यायालयाने म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी घरच्यांनी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या करायच्या होत्या. आईने पहिल्यांदा केली. "पोरीने अजून किती बसायचं?" म्हणाली, आणि चष्मा न लावताच सही करून मोकळी झाली. ताईने केली. धाकटी तेवढी चार महिने आज-उद्या करत होती. वकिलाने मुदत दोनदा वाढवून घेतली होती.

"तुझी माया कळते गं," ताई फोनवर म्हणाली होती. "पण त्या मायेचं आता काय लोणचं घालायचंय? यायचा असता तर आला नसता का? तुझ्या एकटीपायी सगळ्यांचं घोडं अडलंय."

सगळ्यांनी धरून चाललं होतं, की धाकटी अजून आशेवर आहे. धाकटीने तो गैरसमज दुसऱ्याच्या कोटासारखा अंगावर घातला होता. मापाचा नव्हता, पण झाकायला पुरत होता. खरी गोष्ट प्रतिज्ञापत्राच्या दुसऱ्या पानावर होती. 'शेवटचा संपर्क: पत्नीशी, सकाळी आठ वाजता, राहत्या घरी. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' तिच्या माहितीप्रमाणे तो खरा नव्हता. शेवटचा संपर्क बहिणीशी झाला होता, अकरा वाजून दहा मिनिटांनी, प्रयोगशाळेच्या फोनवर.

तो फोन आजही वाजे. म्हणजे यंत्र केव्हाच बदललं होतं, भिंतीवर त्याच्या जागी दोन भोकं आणि फिकट चौकोन राहिला होता. पण सकाळचे अकरा वाजून गेले की धाकटीची मान आपोआप तिकडे वळायची. दादाने कुठल्याशा दुकानातून केला होता. "खाली आलोय," म्हणाला. "तुझ्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर उभा आहे. पाच मिनिटं ये ना." ती म्हणाली, "आत्ताच थांबा घातलाय रे. काढल्याशिवाय हलता येत नाही. थांब जरा." तो हसला. "म्हणजे तू तिकडे थांबा घातलायस, मी इकडे थांब्यावर थांबतो. बरं. थांबतो." मग त्याने फोन ठेवला. ती खाली उतरली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. थांब्यावर एक बाई मुलाचं नाक पुसत उभी होती. धाकटीला तेव्हा काय वाटलं होतं, तर राग आला होता. इतकीशी कळ निघत नाही याला, असं मनात म्हणून ती वर गेली आणि डबा खाल्ला.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, "ते तुझ्याकडे आलेत का?" आणि ती म्हणाली, "नाही." खोटं कुठे होतं त्यात? तो तिच्याकडे आला नव्हताच; खाली उभा राहिला होता. भांडण झालंय, तास-दोन तासांत येईल, आपण कशाला मध्ये पडा. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा कालचं 'नाही' समोर उभं होतं, त्याला ओलांडून जायला हवं होतं. आठवड्याने ते भिंतीएवढं झालं. महिन्याने तिने त्याला पाठ टेकली.

पण हेही सगळं खरं नव्हतं, आणि हे जगात फक्त तिला आणि तिच्या धंद्यातल्या चार माणसांना कळण्यासारखं होतं. थांबा घातल्यावर माणूस मोकळाच असतो. काढायची वेळ झाली की मग एकामागून एक कामं येतात, ती मध्येच सोडता येत नाहीत. पण त्याआधीचा अर्धा तास हाताला काहीही काम नसतं. म्हणूनच सगळे तेव्हा चहा पितात. त्या दिवशी तिच्याकडे पंचवीस मिनिटं होती आणि जिना उतरायला दोन पुरली असती. ती चहा प्यायली. कारण दादा खाली उभा राहून काय बोलणार हे तिला पाठ होतं. सात महिने तो तेच बोलत होता, मला काही सुचत नाही, मला काही सुचत नाही, आणि त्या सकाळी तिला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. एवढंच. कुणी खून करायला जितका वेळ घेत असेल त्याहून कितीतरी जास्त वेळ ती कपात बिस्कीट बुडवत बसली होती. ज्याला कुणी धरलं नव्हतं त्याने ओरडून सांगितलं होतं, आणि तिने त्यालाच उलट सांगितलं होतं, थांब. चौकी आणि विष यांत हाच तर फरक. चौकी थांबवते ती दोरी येईपर्यंत. विष आधी दोऱ्याच विरवून टाकतं आणि मग थांबवतं, म्हणजे थांबण्याला काही अर्थच उरत नाही. चार महिने ती वहिनीला थांबवत होती, आणि त्याआधी अकरा वर्षं, आणि आपण चौकी आहोत असं सगळ्यांना भासवत होती.

तिने त्या नवराबायकोच्या घरी फोन लावला. नवऱ्याने घेतला. "नमुना आमच्याकडून खराब झाला," ती म्हणाली. "माझ्या हातून. पुन्हा रक्त द्यावं लागेल." तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "असू दे. सांगितलंत ते बरं केलंत. आम्हाला वाटत होतं, उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईटच निघालं." धाकटीने फोन ठेवला. सांगणं इतकं सोपं असतं याचाच तिला धक्का बसला होता.

वहिनी बरोबर एक वाजता आली. तळमजल्यावरच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघी बसल्या. वहिनीच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, पातळ काडीचा, तिला शोभत होता. तिने पिशवीतून कागद काढले, पेन काढलं, दोन्ही धाकटीच्या पुढे सरकवून ठेवलं.

"वाचत काय बसतेस? पाठ झालं असेल एव्हाना."

"वहिनी, यातली एक ओळ चुकीची आहे."

"वकिलांनी तपासलंय."

"वकिलांना माहीत नाही." धाकटीने पेन उचललं, आणि आपण बोलायला गेलो तर शब्द फुटणार नाहीत म्हणून आधी लिहिलं. 'पत्नीशी' खोडलं. वर 'धाकट्या बहिणीशी' लिहिलं. 'आठ'वर रेघ मारून 'अकरा वाजून दहा मिनिटं' लिहिलं. 'राहत्या घरी'वर रेघ मारून 'फोनवर' लिहिलं. मग कागद उलटा फिरवून वहिनीकडे सरकवला.

वहिनीने वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"तुला फोन आला होता?"

"हो. इथे. या समोरच्या थांब्यावर उभा होता तो. मला खाली बोलवत होता. मी म्हटलं, थांब."

"मग?"

"मी खाली गेले तेव्हा नव्हता."

उपाहारगृहात कुणीतरी खुर्ची ओढली. वहिनी खिडकीकडे पाहत होती. तिथून रस्त्याचा तुकडा दिसत होता, थांबा दिसत नव्हता. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मऊ होता आणि धाकटीला त्या मऊपणाचीच भीती वाटली.

"तुला काम असेल गं. तुमचं ते औषधाचं, वेळेचं. सोडून जाता येत नसेल."

हे इतकं आयतं होतं. वहिनीला प्रयोगशाळेतलं काही कळत नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती मान डोलावून, कदाचित हात हातात घेऊन, उठून गेली असती. चहाचा कप धाकटीच्या पुढ्यात होता. तिने तो बाजूला सारला.

"येत होतं," ती म्हणाली. "पंचवीस मिनिटं मी रिकामीच होते. मला जायचं नव्हतं. कंटाळा आला होता मला त्याचा."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. बोटाने टेबलावरची पाण्याची गोल खूण पुसत राहिली, पुसून झाली तरी पुसत राहिली.

"मी सकाळी म्हटलं होतं त्यांना, घरात तोंड दाखवू नका," ती म्हणाली. "अकरा वर्षं मला वाटतंय, की ते शेवटचं. की माझं ते वाक्य कानात घेऊन ते गेले. आईंच्या शेजारी जेवायला बसते आणि रोज वाटतं, यांच्या मुलाला मी घालवलं. तुला माहीत होतं, की त्यानंतरही ते कुणाशीतरी बोलले होते. हसले होते का?"

"हसला होता. थांब्यावरून एक विनोद केला."

"विनोद केला." वहिनीने ते शब्द तोंडात घोळवले. "आठला गेले. अकरा दहाला तुला फोन. तीन तास कुठे होते गं ते? काही खाल्लं असेल का?"

धाकटीला माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. अकरा वर्षं तिने ती दोन मिनिटं उलटीपालटी करून पाहिली होती, त्यातला श्वासन् श्वास तिला पाठ होता, पण त्यांच्या आधीही दादा कुठेतरी होता, कुठल्यातरी रस्त्याने चालत होता, कुणाच्यातरी दुकानात उभा राहून फोनसाठी सुटे पैसे मागत होता, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "नाही माहीत, वहिनी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. वहिनीने तिचं रडणं थांबवलं नाही. तिला हातही लावला नाही. कागदांची घडी घालून तिने ते पिशवीत ठेवले.

"खाडाखोड चालत नाही तिथे. पुन्हा टाइप करून घ्यावं लागेल, पुन्हा सगळ्यांच्या सह्या. मी आजच देते टाकून." ती उठली, पदर नीट केला. "तुझ्याशी काय बोलायचं ते मला आत्ता कळत नाहीये. कळेल तेव्हा बोलेन. पण आईंची सही नव्याने घ्यायची तर त्या विचारणार, काय बदललं. ते मी सांगणार नाही. मी घरी पोचायच्या आत तू सांगितलेलं असायला हवं."

"संध्याकाळी येते ना मी. समोरासमोर सांगते."

"आत्ता," वहिनी म्हणाली, आणि गेली.

धाकटीने डोळे पुसले. शेजारच्या टेबलावरची माणसं दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होती. तिने आईच्या घरचा नंबर लावला, आणि मनाशी पहिलं वाक्य जुळवायला घेतलं, आई, एक सांगायचंय, आई, तू बसली आहेस का. निदान चार-पाच रिंगांचा वेळ मिळेल असा तिचा हिशेब होता, म्हातारी माणसं उठून येईपर्यंत तेवढा लागतोच. पण आईने पहिल्याच रिंगला उचलला. अकरा वर्षं ती पहिल्याच रिंगला उचलत होती.